हक्क शिकवले की मुलं उद्धट होतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून. पालकसभेत विचारता, शिक्षकांच्या खोलीतही विचारता: "आधी कर्तव्यं शिकवा ना, हक्क काय, मोठेपणी कळतीलच."

कर्तव्यं मुलांना दिवसभर ऐकवली जातात. रांगेत उभे राहा, उलट बोलू नका, गृहपाठ आणा. हक्कांची तासिका आठवड्यातून एक, आणि परीक्षा जवळ आली की तीही गणिताला जाते. तेवढ्याने मुलं बिघडतात? शिवाय हा माझा छंद नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं कलम ४२ स्पष्ट सांगतं, की हे हक्क मोठ्यांना आणि मुलांनाही माहीत करून द्यायचे.

इतकं मी नेहमीच सांगते. पुढचं आजवर सांगितलं नव्हतं.

सातवीचा वर्ग होता. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातली कलमं मी सोपी करून शिकवत होते. अकरावं: गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष. बारावं: कोणाच्याही खासगी आयुष्यात मनमानी ढवळाढवळ नको. मुलांनी मोठ्या हौसेने तक्ता करून भिंतीवर लावला. दोन दिवसांनी एका मुलीचं घड्याळ हरवलं. मी वर्गाचं दार लावून घेतलं आणि एकेकाचं दप्तर तपासायला लागले.

एक मुलगा दप्तर पोटाशी घट्ट धरून बसला. "बाई, बारावं कलम..." एवढंच म्हणाला, तेही हळू. मला ते उलट उत्तर वाटलं. खरं सांगते, मला वाटलं, चोर हाच. दप्तर ओढून घेऊन मी बाकावर उपडं केलं. वह्या, कंपासपेटी आणि एका पिशवीत नीट घडी घातलेली जास्तीची चड्डी. त्याला लघवी आवरत नसे, आणि हे वर्गात कोणालाच माहीत नव्हतं. सगळा वर्ग हसला. तो दप्तर भरत राहिला. एकेक वही, सावकाश.

घड्याळ नंतर हात धुवायच्या जागी सापडलं.

मी त्याची माफी मागितली, पण बाजूला बोलावून. अपमान सगळ्यांसमोर आणि माफी कोपऱ्यात. वर्ष संपेपर्यंत त्याने माझ्या तासाला हात वर केला नाही. तुम्ही ज्याला उद्धटपणा म्हणता, तो त्या दिवशी वर्गात होताच. पण त्या मुलाकडे नव्हता.

तेव्हाची मी मात्र अजून वाद घालते. घड्याळ शोधायला नको होतं का? जिचं गेलं, तिचा हक्क नव्हता का? तेव्हाच्या त्या मला द्यायला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. मानवी हक्कांच्या शिक्षणाविषयीच्या २०११ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यात म्हटलंय, की शिकणाऱ्याचे आणि शिकवणाऱ्याचे, दोघांचेही हक्क जपत शिकवायला हवं. ते वाचलं तेव्हा मला तो बाकच दिसला. आता मी कोणाचं दप्तर उघडत नाही. आधी आजूबाजूच्या जागा तपासते, मग मुलांशी बोलते. त्यानंतर दोनदा वस्तू गेल्या आणि मिळाल्याच नाहीत. दोन्ही वेळा एक मूल रडत घरी गेलं आणि पालकांनी मला जाब विचारला. तो विचारायचा त्यांना अधिकार होता.

भिंतीवरचा तक्ता त्या वर्षी कोणी काढला नाही. मीही नाही. उरलेले सगळे तास त्याच्यासमोर उभी राहून शिकवले.