सीटमागच्या दोघी

किल्ली फिरवावी आणि गाडीने 'टक्' एवढंच म्हणावं. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. जुन्या एमजीबीचा, म्हणजे त्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा, मालक अशा वेळी बॉनेटकडे जातच नाही. सीट पुढे ओढतो, गालिचा उचलतो. 1974 पर्यंतच्या या गाडीत बॅटरी तिथे, फ्लोअरच्या खाली असते. तीही एक नव्हे, दोन. सहा-सहा व्होल्टच्या, मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या दोन अंगांना टांगलेल्या.

दोन सेलच्या टॉर्चचाच हा थोरला भाऊ. टॉर्च मंदावला की लहानपणी सगळेच एक सेल नवा घालून दुसरा जुनाच ठेवायचे, आणि चार दिवसांत उजेड पुन्हा पिवळा. इथेही मोह तोच. स्टार्टर मारताना दोघींवर मीटर लावला, की एक पाच व्होल्टवर टिकते, दुसरी तीनवर कोसळते. वाटतं, हिलाच बदलू. पण करंट दोघींतून सारखाच वाहतो. जुनी आधी रिकामी होते आणि नवी तिला चक्क उलटी चार्ज करू लागते. बदलायच्या तर दोघी, एकाच तारखेच्या.

नाहीतर सरळ एक बारा व्होल्टची. इथे लोक अँपिअर-अवरवर, म्हणजे बॅटरीत वीज किती मावते त्यावर, वाद घालत बसतात. 1798 सीसीच्या इंजिनाला 45 ते 50 पुरे. खरा निकाल टेप लावतो. लांबी-रुंदी चौकटीत बसायला हवीच, पण घात करते ती उंची. वर पत्र्याचं झाकण असतं. टर्मिनल त्याला टेकलं की ठिणगी, आणि लगेच वर गालिचा. म्हणून आधी त्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करून बसवून पाहावा. हसतील हसणारे.

मग पॉझिटिव्ह कोणत्या हाताला? उलट्या मांडणीची आणली की केबल चार बोटं कमी पडते. क्लॅम्पही अदलाबदलीने नीट बसत नाहीत. पॉझिटिव्ह खांब बुडाशी साधारण 19.5 मिलिमीटर, निगेटिव्ह 17.9. त्यात 1967 पर्यंतच्या गाड्यांत बॉडीला पॉझिटिव्ह जोडलेला. हात सवयीने निगेटिव्ह बॉडीला लावतो, आणि नंतर बसवलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन तिथेच राम म्हणतं. बॉडीला जोडलेली बाजू, म्हणजे अर्थिंग, कोणतीही असो, काढताना ती आधी, जोडताना शेवटी.

बॅटरी धरून ठेवणारी पट्टी मात्र घट्ट आवळावी. बॅटरी हलत राहिली की प्लेटांवरचा लेप झडतो. आणि या गाड्या चालतात कमी, उभ्या जास्त, विसावल्यावर 12.7 दाखवणारी बॅटरी 12.4 च्या खाली रेंगाळू दिली की प्लेटांवर सल्फेट धरतं.

उरतो दुसऱ्या बाजूचा रिकामा खण. पाने-पक्कड ठेवायला अगदी नामी जागा. फक्त त्याला तळ नसतो.