अंगठ्याने पुसलेली कमान

अकरावीला किनाऱ्यावरची भूरूपं शिकवताना माझी एक ठरलेली करामत असते. फळ्यावर समुद्रात घुसलेलं भूशिर काढायचं, दोन्ही बाजूंनी गुहा कोरायच्या, त्या आरपार भिडवून कमान करायची. मग अंगठ्याने कमानीचं छत पुसलं की पाण्यात उरतो एकटा सागरी स्तंभ. पुण्यातल्या पोरांचा खडक वेताळ टेकडीच्या खाणीतला, समुद्र म्हणजे दिवेआगरची सहल. फळ्यावरच भागवावं लागतं.

९ मार्च २०१७, पहिला तास. मी छत पुसलं आणि मागच्या बाकावरून एका मुलीचा आवाज आला, "सर, माल्टातली कमान काल पडली. तिथे स्तंभ कुठाय?"

वर्गात मोबाइलला बंदी. तिने तो काढलाच, आणि मीही निमूट हातात घेतला. गोझो बेटावरची चुनखडीची 'अझूर विंडो'. एका फोटोत जाडजूड खांब आणि त्यावर टेकलेलं सपाट छत. दुसऱ्यात कडा आणि फेसाळलेलं पाणी. आदल्या दिवशीच्या वादळात छत गेलं, खांबही गेला.

'अपवाद' हा शब्द अगदी ओठावर आला होता. गिळला. कारण माझंच शिकवणं माझ्यावर उलटत होतं. लाट फटीत शिरते, आतली हवा कोंडते, लाट मागे फिरताच ती हवा उसळून मोकळी होते. वर दगडगोट्यांचा मारा. हे सगळं चालतं पाण्याच्या पातळीला, म्हणजे खांबाच्या पायाशीच! छत झिजेपर्यंत पाय शाबूत राहील, हे मला कुणी सांगितलं होतं? आकृतीने.

मग ऑस्ट्रेलियातला 'लंडन ब्रिज' सांगितला. १५ जानेवारी १९९० ला किनाऱ्याकडची कमान कोसळली, पलीकडची तशीच उभी, आणि तिच्यावर अडकलेले दोन पर्यटक हेलिकॉप्टरने आणावे लागले. वर्ग खूश. ती नाही. उठून आली, डस्टर घेतलं आणि माझा स्तंभ साफ पुसला.

वार्षिक परीक्षेत तोच प्रश्न आला. तिच्या पेपरात चार चौकटी होत्या: गुहा, कमान, स्तंभ. चौथीत समुद्राची नुसती आडवी रेघ, आणि कमानीपासून थेट तिच्याकडे जाणारा एक बाण. नमुना उत्तरात चौथी चौकट नव्हती. मी पूर्ण गुण दिले. पेपर पुन्हा तपासणाऱ्या मॅडमनी शेजारी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं.