तुम्ही विचारलंत म्हणून: हरत असलेला संघ मुद्दाम फाऊल का करतो?

मार्चमध्ये अमेरिकेत मुलांकडे मुक्कामाला आलेली मंडळी टीव्हीवर कॉलेज बास्केटबॉल बघताना हमखास विचारतात: आधीच मागे असलेला संघ मुद्दाम फाऊल करून समोरच्याला फुकटचे गुण का देतो?

घड्याळ थांबवायला. कबड्डीत पुढे असलेला संघ शेवटच्या चढाया निदान रेषा ओलांडून नुसत्या उरकतो, तसाच इथेही वेळ काढतात. चेंडू मिळाल्यावर 30 सेकंदांत बास्केटचा प्रयत्न करावा लागतो. पण सामन्याचेच 28 सेकंद उरले असतील तर तीही गरज नाही, चेंडू खेळवत राहिलं की झालं. मागे असलेल्याकडे मग फाऊलच उरतो: घड्याळ थांबतं आणि चेंडू परत मिळायची संधी येते.

आणि गुण अगदीच फुकटचे नसतात. पुरुषांच्या सामन्यात 20 मिनिटांचे दोन हाफ. एका हाफमध्ये संघाच्या सातव्या, आठव्या, नवव्या साध्या (बास्केटचा प्रयत्न चालू नसताना झालेल्या) फाऊलला ‘वन अँड वन’ मिळतो: पहिला फ्री थ्रो (कुणी न अडवता करायची एका गुणाची फेक) पडला तरच दुसरा. दहाव्यापासून सरळ दोन. ज्याचे 70 टक्के फ्री थ्रो पडतात, त्याला वन अँड वनवर सरासरी 1.19 गुण मिळतात आणि दहात तीनदा भोपळा. 50 टक्केवाल्याला जेमतेम 0.75. म्हणून फाऊल कोणावर करायचा हे आधीच ठरलेलं असतं. चारच फाऊल झालेल्या संघाची मात्र पंचाईत होते. नुसतं सातवर पोचायला आणखी तीन फाऊल करावे लागतात आणि त्यात मोलाचे सेकंद जातात.

हात चेंडूवर मारल्यासारखा दिसला पाहिजे. मागून जर्सी ओढली तर ‘फ्लॅग्रंट’: दोन फ्री थ्रो, वर चेंडूही त्यांचाच.

हे सगळं कामी येतं का? 2008 च्या कॉलेज स्पर्धेचा अंतिम सामना घ्या, मेम्फिस विरुद्ध कॅन्सस. 2 मिनिटं 12 सेकंद उरले असताना मेम्फिस कॅन्ससच्या 60-51 पुढे होतं. शेवटच्या सव्वा मिनिटात त्यांनी पाचपैकी चार फ्री थ्रो घालवले, त्यातला पहिला वन अँड वनचा. तरी 63-60 आघाडी होती. 2.1 सेकंद उरले असताना कॅन्ससच्या मारियो चाल्मर्सने तीन गुणांची बास्केट टाकून बरोबरी केली, आणि जादा वेळेत कॅन्सस 75-68 जिंकलं.

तिथे पुढे असलेल्या मेम्फिसनेच आधी फाऊल करायला हवा होता, म्हणजे कॅन्ससला तीन गुणांच्या फेकीऐवजी फार तर दोन फ्री थ्रो मिळाले असते, हा वाद तेव्हापासून चालूच आहे. प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांच्या म्हणण्याप्रमाणे बेत तोच होता. शिट्टी वाजली नाही. माझं मत: तीन गुणांची आघाडी आणि सहाएक सेकंद उरले असतील तर फाऊल करावा, पण समोरचा ड्रिबल करत (चेंडू जमिनीवर आपटत) असतानाच. त्याने नेम धरायला चेंडू उचलला की उशीर झाला, तीन फ्री थ्रो बहाल.

दोन फ्री थ्रो दिल्यावरही गाफील राहून चालत नाही. पहिला टाकून दुसरा मागे असलेले मुद्दाम चुकवणार आणि रिबाउंडवर (हुकून परत आलेल्या चेंडूवर) झडप घालणार. बास्केटजवळच्या जागा बचाव करणाऱ्यांच्या असतात, त्यांनी पाठ लावून समोरच्याला बाहेर रोखायचं. नीट चुकवणंही सोपं नाही: चेंडू रिंगला लागलाच पाहिजे, नाहीतर नियमभंग आणि चेंडू समोरच्यांचा.