उरलेल्या एका हाताचं दुखणं

डावा हात गेला तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण एकच धीर देऊन जायचा, "उजवा शाबूत हाय की तुझा, देवाची कृपा म्हण." कृपा होतीच, ती मी आजही मानतो. पण दोन हातांचं काम एकट्यावर पडलं की त्या शाबूत हाताचं पुढं काय होतं, हे कोणीच बोलत नाही. म्हणून हे लिहितोय.

अपघाताबद्दल थोडक्यात सांगतो. मोटरसायकल घसरली आणि मी डाव्या खांद्यावर आपटलो, मान उलट्या बाजूला हिसकली गेली. हाड कुठंच मोडलं नव्हतं, पण हात लुळा पडला. मानेतून निघणाऱ्या पाच नसा (रक्ताच्या नव्हे, मज्जातंतू) एकमेकींत गुंफून हाताकडं जातात. त्या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. माझ्या त्यातल्या काही नसा ताणल्या गेल्या होत्या, तर काही मणक्यातून मुळासकट उपटल्या होत्या. उपटलेली नस परत जुळत नाही. म्हणून बरगड्यांमधल्या नसा घेऊन त्या कोपर वाकवणाऱ्या नसेला जोडण्याची शस्त्रक्रिया झाली. जोडलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, त्यामुळं फळ दिसायला फार वेळ लागला. आता कोपर थोडं वाकतं. बोटं मात्र हलत नाहीत, आणि हाताची आग गोळीनं कमी होते, थांबत नाही. असो.

आमचं गाव बेळगावजवळ, राजहंसगडाच्या पायथ्याला, येळ्ळूरच्या बाजूचं. भाताची थोडी जमीन आणि म्हशी. दुधाचा रतीब वडगाव-शहापूरला जातो. भावाकडं शेत आणि माझ्याकडं गोठा, अशी पहिल्यापासूनची वाटणी. हात गेल्यावरही गोठा सोडायचा नाही, हे मी दवाखान्यातच ठरवलं होतं.

ज्यानं म्हैस पिळली आहे त्यालाच कळेल एका हातानं धार काढणं म्हणजे काय. म्हशीचे सड गाईपेक्षा घट्ट, त्यामुळं मुठीला जोर जास्त लागतो. त्यात पान्हा काही मिनिटंच टिकतो. दोन हातांनी त्या वेळात कास रिकामी होते, एका हातानं अर्धी राहते. मग हात भरभर चालवावा लागतो. मुठीतली ताकद संपली की माणूस आपोआप अंगठा आत मुडपून सड दाबायला लागतो, कारण त्यानं जोर मिळतो. आमच्याकडं बरेच जण असंच पिळतात. दोन हात असताना ते खपून जातं.

एक पावसाळा निघाला. मग अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला ठणकायला लागलं. आधी फक्त चरवी उचलताना, पुढं शर्टाचं बटण लावतानाही. नळ पिळला की कळ थेट कोपरापर्यंत जायची. रात्री पहिल्या तीन बोटांना मुंग्या येऊन जाग यायची. खरं सांगतो, अपघातानंतर मी इतका घाबरलो नव्हतो. हाही हात गेला तर जेवायचं कसं, धुवायचं कसं, हा एकच विचार डोक्यात फिरायचा. आई गोठ्याच्या दारात उभी राहून विचारायची, "काय करूलायस रे इतका वेळ?" मी तोंड न फिरवता "आलो, आलो" म्हणायचो.

डॉक्टरांनी अंगठा मुठीत घ्यायला लावला आणि मनगट करंगळीकडं वाकवलं. मी ओरडलोच. अंगठा उचलणाऱ्या दोन दोऱ्या मनगटाच्या कडेला एका अरुंद नळीतून जातात. सतत घासून ती नळी सुजली होती. या दुखण्याला डी क्वेर्वेन म्हणतात. मुंग्या येत होत्या त्या मनगटात दुसरी एक नस दाबली जात असल्यामुळं, ते वेगळं. सल्ला सरळ होता, अंगठा पट्ट्यात बांधा आणि हाताला विश्रांती द्या.

इथंच आमच्यासारख्यांची कोंडी होते. ज्याला दोन हात आहेत तो एक बांधून ठेवू शकतो. मी बांधला की मला घास भरवायला माणूस लागतो. विश्रांती हा उपाय बरोबर आहे, फक्त तो जसाच्या तसा आम्हाला लागू पडत नाही.

वाट दाखवली ती फिजिओथेरपीच्या बाईंनी. त्या कन्नडिग, मराठी मोडकं पण मायेचं. त्यांनी आधी औषधाचं विचारलंच नाही. उठल्यापासून झोपेपर्यंत हा अंगठा काय काय करतो ते सगळं सांगायला लावलं. फोनवर टाईप करणं, बाटलीचं झाकण, कपडे पिळणं, बसमधली दांडी, शेणाची बुट्टी. मग रबरी हातमोज्यात पाणी भरून तो टेबलाच्या कडेला टांगला, बोटांना सुईनं भोकं पाडली आणि म्हणाल्या, "धार काढून दाखवा." मी मोज्याचं बोट धरलं, तर अंगठा लगेच आत मुडपला. त्यांनी तो धरून बाहेर काढला. "निधान अण्णा, निधान." म्हणजे सावकाश. वरून तर्जनीनं बंद करायचं, मग एकेक बोट खाली दाबत यायचं, अंगठा सरळ. अशी पूर्ण मुठीची पद्धत त्यांना माझ्यासोबतच शोधावी लागली, कारण त्यांनी जन्मात म्हैस पिळली नव्हती. त्या दिवशी त्यांच्या खोलीत पाणीच पाणी झालं होतं.

त्यानंतर हाताच्या कामाचा हिशेब लावायला घेतला. पट्टा रात्री आणि दुपारी टेकल्यावर घालायचा, कामाला सोडायचा. कपडे पिळायचे नाहीत, तसेच निथळत ठेवायचे. फोनला बोलून लिहायचं. बुट्टी अर्धीच भरायची, फेऱ्या वाढल्या तरी चालतील. पिशवी हातात न घेता तिरकी खांद्यावर. बसमध्ये अपंगत्वाचं कार्ड दाखवून जागा मागायची, दांडीला लोंबकळायचं नाही. स्वयंपाकघरात विळीनं मोठा आधार दिला. पाट पायाखाली दाबला की पातं स्थिर, भाजी एका हातानं पुढं रेटली की झालं. कांदा-बटाटा सोलायला फळीला खालून दोन स्टीलचे खिळे मारून घेतले, त्यावर तो खोचून बसतो. डावा हात वजन म्हणून कामी येतो, ताट किंवा कागद त्याच्या भारानं हलत नाही.

झोपेचाही दोष निघाला. डाव्या कुशीवर झोपवत नाही म्हणून रात्रभर उजव्यावर आणि हात डोक्याखाली. आता उताणा झोपतो, लुळ्या हाताखाली उशी. लुळा हात लोंबकळून मान ओढत होता आणि उजवा खांदा त्या ओढीला तोल देत होता, म्हणून चालताना झोळीही घालतो. या दोन गोष्टींनी मुंग्या बऱ्याच कमी झाल्या.

अंगठ्यात एक इंजेक्शन घ्यावं लागलं, त्यानं सूज उतरली. पुन्हा वाढलं तर ती नळी छेदून मोकळी करायची छोटी शस्त्रक्रिया असते. पण मग काही आठवडे मी पूर्ण बिनहाताचा, म्हणून ती शक्यतो टाळायची आहे.

सगळ्यात जड गेलं ते संध्याकाळची धार बायकोकडं देणं. काम गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी काळजी वेगळी होती. माझ्या हाताचं ओझं तिच्या हातावर सरकतंय, आणि घरचं सगळं करून ती पिळायला बसतेय. तिला पहिल्याच आठवड्यात सरळ अंगठ्याची पद्धत शिकवली. "अहो, मला येतंय की पिळायला," असं म्हणाली, तरी शिकवली. माझ्यामागं अजून एका माणसाचा अंगठा जाऊ नये एवढंच मनात होतं. पुढं भावानं एका बादलीचं धार काढायचं यंत्र आणलं. आई म्हणाली, "म्हस आटंल बघ." म्हशीनं काही दिवस पान्हा चोरलाही. रेडकू जवळ बांधलं, आंबोण पुढं ठेवलं आणि यंत्राचा आवाज तिच्या कानाला सरावू दिला, तेव्हा सुटली. यंत्राच्या नळ्या सडांना लावायला दोन हात लागतात, ते भाऊ किंवा बायको करते. मी समोर उभा राहून म्हशीला चुचकारतो.

कळ पूर्ण गेलेली नाही. थंडीत पहाटे गरम पाण्यात हात धरल्याशिवाय मूठ मिटत नाही. जड धारेची म्हैस यंत्रावर, हलक्या धारेची सकाळी माझ्याकडं, अशी सध्याची वाटणी आहे. अंगठा परत बोलायला लागला तर तीही यंत्रावर जाणार, हे घरात बसून ठरलेलं आहे.