विचार करतोय!

रेडिओवर उद्घोषिका म्हणून काम सुरू केलं, तेव्हा पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं : माइक चालू असताना गप्प राहायचं नाही. चार-पाच सेकंद आवाज आला नाही, तर ऐकणाऱ्याला वाटतं केंद्र बंद पडलं.

त्यामुळे अमेरिकी रेडिओवरचा विनोदवीर जॅक बेनी याचं एक ध्वनिमुद्रण पहिल्यांदा ऐकताना माझा जीव टांगणीला लागला होता. २८ मार्च १९४८चा कार्यक्रम. शेजारी राहणाऱ्या सिनेनट रोनाल्ड कोलमनचं ऑस्कर उसनं घेऊन बेनी घरी निघालाय. वाटेत चोर आडवा येतो. "पैसे काढ, नाहीतर जीव घेईन!" बेनी गप्प. लोक हसायला लागतात, हशा वाढत जातो. चोर वैतागून पुन्हा दरडावतो, तेव्हा बेनी ओरडतो, "विचार करतोय!"

१९३२पासून हा कंजूष माणूस अमेरिकेत घराघरांत ऐकला जात होता. तळघरात तिजोरी, वय कायम ३९, व्हायोलिन बेसूर, आणि खोकत-खोकत चालणारी जुनी मॅक्सवेल गाडी. तिचे आवाज कार्यक्रमातला आवाजांचा कलाकार मेल ब्लँक तोंडानं काढायचा! लोकांना हे सगळं पाठ होतं, म्हणून त्या गप्प बसण्यात काय चाललंय ते सांगावं लागलं नाही. १९५०पासून टीव्हीवर तर गालाला हात लावून नुसतं बघणं त्याला पुरायचं.

प्रत्यक्षात हाच माणूस ऑर्केस्ट्रांच्या मदतीसाठी व्हायोलिनचे कार्यक्रम करून निधी उभा करत असे.

मला मात्र त्याची दुसरीच दानत मोठी वाटते. कार्यक्रम त्याच्या नावाचा, पण टाळ्यांची वाक्यं दुसऱ्यांची. त्याची बायको मेरी त्याला टोमणे मारायची आणि त्याचा नोकर रोचेस्टर त्याला निरुत्तर करायचा. रोचेस्टर झालेला एडी अँडरसन कृष्णवर्णीय होता आणि १९३७मध्ये या कार्यक्रमात आला. सुरुवातीच्या काही भागांतले त्याच्या वर्णावरचे विनोद मला आज ऐकवत नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर बेनीनं ते बंद केले, हेही सांगायला हवं.

गेल्या वर्षी मी एका म्हाताऱ्या शाहिरांची मुलाखत घेत होते. गेलेल्या ढोलकीवाल्या जोडीदाराबद्दल विचारलं आणि ते थांबले. काचेपलीकडून पुढचा प्रश्न विचारण्याची खूण झाली. मी हात वर करून थांबायला सांगितलं. नऊ सेकंद. मग शाहीर बोटांनी टेबलावर हलकेच ठेका धरून बोलायला लागले.