रेगेन्सबर्गचा पूल आणि नगरभवनाच्या भिंतीवरची मापे

जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात शिकायला आल्यापासून सुट्टीच्या दिवशी जुनी शहरे पाहण्याचा परिपाठ मी ठेवला आहे आणि त्यात एका दिवशी एकच शहर, हा नियम कटाक्षाने पाळतो. येथील बरेच विद्यार्थी ‘बायर्न तिकीट’, म्हणजे बव्हेरियाभर चालणारे एका दिवसाचे रेल्वे तिकीट, काढून निघतात आणि संध्याकाळपर्यंत तीन शहरांची छायाचित्रे घेऊन परततात. चार-पाच जणांनी वाटून घेतले की ते तिकीट खिशाला परवडते. मात्र सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालते आणि आयसीईसारख्या वेगवान गाड्यांत अजिबात चालत नाही. स्वस्त तिकिटाचा पैसा पुरेपूर वसूल व्हावा, ही खानदेशी वृत्ती माझ्यातही आहे, पण धावपळीत शहर दिसत नाही, केवळ मोजले जाते.

डॅन्यूबकाठचे रेगेन्सबर्ग मला सर्वांत आवडले. तेथील दगडी पुलाचे बांधकाम 1135 च्या सुमारास सुरू झाले आणि अवघ्या अकरा-बारा वर्षांत पूर्ण झाले. तीनशे मीटरहून लांब असलेला हा पूल विसाव्या शतकापर्यंत त्या शहरातून नदी ओलांडण्याचा एकमेव पूल होता; त्यामुळे व्यापारी, सैन्य आणि यात्रेकरू सगळ्यांची वाट येथूनच जाई आणि शहराची श्रीमंती त्या वाटेवरच उभी राहिली. आज त्यावरून फक्त पायी आणि सायकलने जाता येते. कमानींखालून वाहणारे पाणी खांबांशी भोवरे घेत इतक्या जोराने निघते, की उन्हाळ्यात कोरडी पडणारी आमची बोरी नदी पाहिलेल्या माणसाला कठड्यावरून हलावेसे वाटत नाही.

पुलापासून काही मिनिटांच्या अंतरावर जुने नगरभवन आहे. 1663 पासून 1806 पर्यंत पवित्र रोमन साम्राज्याची, म्हणजे मुख्यतः जर्मन राज्यांच्या जुन्या साम्राज्याची, कायम राजसभा येथे भरत असे, त्यामुळे पर्यटक ती दालने पाहायला आत जातात. माझे पाय मात्र प्रवेशद्वाराशीच थबकले. तेथे भिंतीत लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या आहेत: शहराचे अधिकृत पाऊल, हात आणि वाव (दोन्ही हात पसरून होणारे माप). दुकानदाराने कमी कापड दिल्याचा संशय आला, की गिऱ्हाईकाने येथे येऊन पडताळावे, अशी ती सोय होती. आमचे अमळनेरला कापडाचे दुकान असल्यामुळे मी त्या पट्ट्यांचे छायाचित्र अण्णांना पाठवले. त्यांचे उत्तर लगेच आले, “म्हणजे मापात पाप तिथेही होतंच तर!”

याच शहरात 1630 मध्ये केप्लरचे निधन झाले. ग्रहांच्या गतीचे नियम मांडणारा हा माणूस थकलेला पगार मिळावा म्हणून येथे आला होता. तीस वर्षांच्या युद्धात दफनभूमी उद्ध्वस्त झाली आणि त्याची कबरही उरली नाही. तेथे मला आमच्या चाळीसगावजवळच्या पाटणादेवीची आठवण झाली, कारण भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख तेथे आहे. नातवाने आजोबांची विद्या चालू राहण्याची तजवीज केली. केप्लरच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

बव्हेरियातल्याच न्यूरेंबर्ग शहराची गोष्ट वेगळी आहे. 2 जानेवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यात तेथील जुन्या शहराचा बहुतांश भाग जमीनदोस्त झाला आणि आज दिसते त्यातले पुष्कळसे पुन्हा उभारलेले आहे. किल्ल्याच्या परिसरातील खडकात खोदलेली तळघरे मात्र मूळची आहेत. बिअर साठवण्यासाठी खोदलेल्या या तळघरांचा उल्लेख 1380 पासून सापडतो. पुढे युद्धात लोकांनी तेथेच आसरा घेतला. खडकातून पाझरणारे पाणी पाहताना, एके काळी खानदेशची राजधानी असलेल्या बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याची याद येणे अपरिहार्य होते. भुयाराने जोडलेल्या विहिरींची ती मोगलकालीन योजना, माझ्या मते, या तळघरांपेक्षा कितीतरी अवघड कामगिरी आहे.

आपल्याकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांनी न्यूरेंबर्ग आधी पाहावे, रेगेन्सबर्ग नंतर. पुनर्बांधणीतील धारदार, एकसारखे दगड नजरेत बसले, की रेगेन्सबर्गमधील इसवी सन 179 च्या रोमन वेशीच्या झिजलेल्या कडा आपोआप वेगळ्या दिसू लागतात. दोन्ही शहरांमधला प्रवास साध्या गाडीने साधारण सव्वा तासाचा आहे. डिसेंबरातील नाताळ-बाजाराचे आठवडे मात्र टाळावेत. त्या गर्दीत न्यूरेंबर्गच्या मुख्य चौकात इमारती तर सोडाच, पायाखालची फरशीही दिसत नाही.