भिंतीकडची बाजू

मशीन घरी येऊन आठवडा झाला नसेल, तर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठलं. "शिलाई मशीन घेतलंस का गं? दुपारभर टकटक चालू असते." म्हटलं, "नाही काकू, करवत आहे. विजेवरची." काकूंनी माझ्या दोन्ही हातांच्या बोटांवरून एक नजर फिरवली आणि "बरं बरं" म्हणून दार लावून घेतलं.

त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. स्क्रोल सॉ, म्हणजे माझी ही करवत, दिसायला आणि वाजायला शिलाई मशीनची चुलत बहीणच. वर एक हात, खाली एक हात, मधे तेरा सेंटीमीटरचं बारीक पातं ताणून बसवलेलं. ते जागच्या जागी खाली-वर होत राहतं आणि आपण लाकूड फिरवायचं. लाकूड दाबून धरायला मशीनला असतो तसा पायसुद्धा असतो. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलांना फ्रेटवर्क होतं आणि आम्हा मुलींना शिवण. मुलं यू आकाराच्या करवतीने प्लायवूडचे ससे आणि गणपती कापायची, आम्ही रुमालावर साखळी टाका घालत बसायचो. तेव्हाचा राग पंचेचाळिशीत साडेअकरा हजार रुपये मोजून काढला म्हणायचा.

करायचा होता दिवा. टेबलावर नाही, हॉलच्या कोपऱ्यातल्या तिवईवर ठेवायचा, चौकोनी, चारही बाजूंना जाळी. आणि जाळीची नक्षी आईच्या रांगोळीच्या वहीतली. आईची ती वही म्हणजे चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने काढलेल्या ठिपक्यांच्या रांगोळ्या, कडेला दरवेळी "७ ते ४", "१५ ते ८" असं लिहिलेलं. मी "७ ते ४" निवडली. मधली ओळ सात ठिपक्यांची, वर-खाली सहा, पाच, चार. एकूण ३७ ठिपके. त्यात मधे एक फूल, भोवती सहा फुलं, प्रत्येक फुलाला सहा पाकळ्या. सात सक बेचाळीस. सोपी वाटली म्हणून निवडली होती, हे आता सांगायला हरकत नाही.

पहिला घोळ लाकडाला हात लावायच्या आधीच झाला. आईची रांगोळी जशीच्या तशी मोठी करून मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवली आणि कटरने पाकळ्या कापायला घेतल्या. चार पाकळ्या झाल्या आणि त्यांच्या मधला शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा टपकन मांडीत पडला. मग दुसरा पडला. मग मधलं अख्खं फूल. रांगोळीत पाकळीचं टोक ठिपक्याला टेकलंच पाहिजे, नाहीतर आई ओरडायची. पण जमिनीवरची रांगोळी जमिनीने धरलेली असते. जाळीत पाकळी म्हणजे भोक. भोकाला भोक टेकलं की मधल्या लाकडाला कोणी वाली उरत नाही.

दोन रविवार मी नुसता कागदच काढत होते. प्रत्येक पाकळी दोन्ही टोकांना थोडी आखूड केली, ठिपक्यापासून चार मिलिमीटर अलीकडेच थांबवली. शेजारशेजारच्या दोन पाकळ्यांच्या टोकांमधे जेमतेम तीन मिलिमीटर लाकूड राहील असं बघितलं. जिथे आई पांढरा ठिपका ठेवायची तिथे माझ्या नक्षीत लाकडाचं बटण उरलं आणि सगळी बटणं एकमेकांना धरून राहिली. तयार झालेला कागद काळ्या पेनाने रंगवला, म्हणजे काळं ते काढायचं, पांढरं ते ठेवायचं. ही सवय लागेपर्यंत मेंदूला अक्षरशः कळ लागते.

प्लाय सहा मिलिमीटरचा, सागाचं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चढवलेला. स्वयंपाकघराच्या कामातून उरलेल्या एका तुकड्यावर आधी सराव केला, तेव्हा कळलं की स्वस्त प्लायच्या पोटात काय काय असतं. एके ठिकाणी मधला थरच नव्हता, नुसती पोकळी. पातं तिथे गेलं की एकदम हलकं व्हायचं, पायरी चुकल्यासारखं. कपाटाच्या पाठीला तो प्लाय चालतो, जाळीला चालत नाही. दोन पाकळ्यांमधल्या तीन मिलिमीटरच्या पुलात पोकळी आली तर संपलंच. नवा तुकडा टिंबर मार्केटातून आणला. दुकानदाराला कड उजेडात धरून दाखवायला लावली.

पात्यांची गोष्ट वेगळीच. मशीनबरोबर आलेल्या पात्यांना दोन्ही टोकांना आडवी पिन होती. बसवायला सोपी, पण आतली नक्षी कापायची तर पिनेसकट पातं भोकातून ओवावं लागतं, आणि त्यासाठी भोक पाचेक मिलिमीटरचं हवं. माझी पाकळी रुंदीला सातच मिलिमीटर. बोहरी आळीत, हार्डवेअरच्या बाजारात, बिनपिनेची पाती मागायला गेले तर तिसऱ्या दुकानात काउंटरवर लोखंड कापायचं हॅक्सॉचं पातं आलं आणि वर सल्ला, "ताई, मिस्त्रीलाच पाठवा ना." शेवटी ऑनलाइन मागवली. तीन नंबरची, साध्या टोकाची. त्यांना दोन मिलिमीटरचं भोक पुरतं.

चार बाजू सारख्या हव्यात म्हणून दोन-दोन फळ्या एकावर एक ठेवून कडेने मास्किंग टेपने बांधल्या आणि एकदम कापल्या. वर रुंद मास्किंग टेप, त्यावर गोंदकांडीने नक्षीचा कागद. काम झालं की टेपसकट कागद सालीसारखा निघून येतो, खरवडावा लागत नाही. खालूनही टेप लावला, कारण पात्याचे दात खाली तोंड करून असतात आणि खाली उतरताना तळाच्या व्हिनिअरची कुसळं काढतात.

मग ओवणं. पातं वरून सोडवायचं, फळी वर सरकवायची, भोकातून पातं घालायचं, पुन्हा अडकवायचं, ताण द्यायचा, बोटाने छेडून बघायचं. बरोबर ताण असेल तर टिंग असा वरच्या पट्टीतला आवाज येतो, नाहीतर थड. एका पाकळीला एकदा. दोन जोड्या, प्रत्येकीत बेचाळीस. चौऱ्याऐंशी वेळा. नुसत्या कापण्याला जेवढा वेळ लागला तेवढाच ह्या ओवण्याला लागला असेल. चष्मा लावून सुईत दोरा ओवताना आई जशी ओठ आत घेते तशी मीही घेत होते, हे नवऱ्याने फोटो काढून दाखवलं.

आई तेव्हा आमच्याकडे आलेली होती. गॅलरीत खुर्ची टाकून ती बघत बसायची. माझी पहिली दहा-बारा वळणं ओबडधोबड झाली, दोन पाती तुटली. तिसरं तुटलं तेव्हा ती म्हणाली, "ढकलतेस कशाला? कापड काय पळून चाललंय?" तिने पस्तीस वर्षं ब्लाऊज शिवले आहेत. मी म्हटलं, "आई, हे लाकूड आहे." "असू दे. तू वळणावर जोर करतेस. आधी वळव, मग पुढे सोड."

तिचं खरं होतं. वळणावर पुढे रेटलं की पातं मागे वाकतं, कापलेली कड तिरकी होते, आणि दोन फळ्या एकावर एक असल्या की वरच्या फळीत पाकळी बरोबर आणि खालच्यात फुगलेली. शिवाय एक गोष्ट आईलाही माहीत असायचं कारण नव्हतं. ही पाती सरळ कापतच नाहीत. बनवताना दातांच्या एका बाजूला बारीकशी कोर राहते, त्यामुळे पातं किंचित उजवीकडे ओढतं. सरळ रेघ हवी असेल तर लाकूड थोडं तिरपं धरून पुढे घालावं लागतं. हे कळेपर्यंत मी स्वतःच्या हाताला दोष देत होते. पाकळीच्या टोकाला तर वळायचंच नाही. एका बाजूने टोकापर्यंत जायचं, त्याच वाटेने थोडं मागे यायचं, आणि दुसऱ्या बाजूने येऊन टोकाला भेटायचं.

भुशाचा त्रास मी हसण्यावारी नेला होता. लाकडाचाच भुसा, त्यात काय! पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकली आहे, हे वाचल्यावर कोविडच्या वेळचे उरलेले एन-९५ मास्क शोधून काढले. दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांना मात्र मास्क नव्हता. नवऱ्याचे दोन पांढरे शर्ट पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे झाले.

पहिली जोडी नऊ दिवसांत झाली, रोज तास-दीड तास. दुसरी त्याहून भराभर चालली होती. एकतिसाव्या पाकळीवर होते आणि दाराची बेल वाजली. मशीन बंद करायचं सोडून मी नुसती मान वर केली. हात थांबले नाहीत. तीन मिलिमीटरचा तो पूल ओलांडून पातं शेजारच्या पाकळीत जाऊन पोचलं होतं. आवाज बदलला म्हणून खाली बघितलं, तर दोन पाकळ्यांची मिळून एक शिंगासारखी आकृती झालेली. आणि फळ्या दोन होत्या, एकावर एक. म्हणजे चूक एक, पण दोन बाजूंत, अगदी हुबेहूब. सारख्या बाजू हव्यात म्हणून केलेली युक्ती तिने इमानेइतबारे पाळली. दारात कुरिअरवाला होता, आणि पार्सल शेजाऱ्यांचं.

प्लायची कुसळी फेव्हिकॉलने लावून पूल बांधायचा प्रयत्न केला. दाताला सिमेंट भरल्यासारखा दिसला. पुन्हा काढला. दुसऱ्या दोन फळ्या कापायची ताकद नव्हती, खरं तर ताकद होती, बेचाळीस वेळा ओवायची इच्छा नव्हती. मग विचार केला, दिवा कोपऱ्यात ठेवायचा आहे. दोन बाजू खोलीकडे, दोन बाजू भिंतीकडे. खराब जोडी भिंतीकडे. प्रश्न मिटला.

जोडणी एका संध्याकाळची. आतून चार कोपऱ्यांना सागाच्या पट्ट्या, गुण्या लावून काटकोन बघितला, फेव्हिकॉल, आणि रात्रभर दोऱ्याने करकचून बांधून ठेवलं. पॉलिश पेपर आधी १२० नंबरचा, मग २२०. पाकळ्यांच्या आत कागदाची सुरळी करून घासलं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून चार हात दिले. सागाला लाखेचा जो मधासारखा रंग चढतो तो डब्यातल्या कुठल्याही पॉलिशला येत नाही, ह्यावर मी वाद घालायला तयार आहे.

आत नऊ वॅटचा नेहमीचा दुधी एलईडी बल्ब लावला. आणि काही झालं नाही. म्हणजे दिवा लागला, पाकळ्या उजळल्या, पण भिंतीवर रांगोळी यायला हवी होती तिथे नुसता गढूळ उजेड. मी मनातल्या मनात बटर पेपर लावायचं ठरवून टाकलं, निदान आतला बल्ब तरी दिसणार नाही.

दोन दिवसांनी पावसात लाइट गेले. अंधारात मोबाइलचा टॉर्च लावून मी काडेपेटी शोधत होते. हात मोकळे हवेत म्हणून मोबाइल सहज दिव्यात वरून सोडला, टॉर्च छताकडे करून. भिंतीवर एकदम पाकळ्या उभ्या राहिल्या. धारदार, कातरून लावल्यासारख्या. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. दुधी बल्ब म्हणजे सहा सेंटीमीटरचा गोळा, त्याच्या प्रत्येक ठिकाणाहून निघालेला उजेड त्याच पाकळीतून जाऊन भिंतीवर वेगळ्या जागी पडतो, आणि सगळ्या सावल्या एकमेकींवर सांडतात. टॉर्चचा एलईडी जोंधळ्याएवढाही नसतो. उजेड जेवढ्या लहान जागेतून निघेल तेवढी सावली स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्ली, विजेच्या सामानाचा बाजार. तीन वॅटचा एकच एलईडी, पिवळसर उजेडाचा, ॲल्युमिनियमच्या चकतीवर बसवलेला, सोबत त्याला सोसेल एवढीच वीज देणारा ड्रायव्हर. ड्रायव्हर प्लास्टिकच्या बंद डबीत घातला, एलईडीखाली उष्णता ओढायला ॲल्युमिनियमचा जाड तुकडा दिला, तळाला हवेसाठी भोकं ठेवली. जोडणी मात्र आमच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतली. २३० व्होल्टवर मी प्रयोग करत नाही.

रात्री खोलीतले बाकीचे दिवे घालवून बटण दाबलं. एलईडीपासून जाळी दहा सेंटीमीटरवर आणि भिंत चाळीसवर, म्हणजे सगळं चौपट. दोन सेंटीमीटरच्या पाकळ्या आठ-आठ सेंटीमीटरच्या होऊन कोपऱ्याच्या दोन्ही भिंतींवर पसरल्या. खोलीच्या बाजूच्या दोन जाळ्यांची रांगोळी लांबवर, सोफ्याच्या पलीकडे कुठेतरी अंधुक विरून गेली होती. कोणाचं तिकडे लक्षही गेलं नसतं.

आई चष्मा पुसून भिंतीजवळ गेली. बोट न टेकवता एकेक फूल मोजत राहिली. डाव्या भिंतीवर एके जागी थांबली, मग उजव्या भिंतीवर त्याच जागी.

"इथे एक पाकळी कमी आहे," ती म्हणाली. "दोन्हीकडे."